कोकणात समुद्राजवळच्या प्लॉटवर इतक्या मर्यादा असतात, मग आधुनिक आणि वेगळं काही रचता येतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहात, स्टुडिओसाठी (कॉलेजच्या डिझाइन प्रकल्पासाठी) गुहागरच्या बाजूचा समुद्रालगतचा उताराचा प्लॉट घेतलाय, आणि सीआरझेड म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, नऊ मीटरची उंची, पाऊस, खारा वारा, जांभ्याचा आग्रह, तुटपुंजं बजेट हे सगळं मांडून झाल्यावर डिझाइन करायला उरलंच काय, असा प्रश्न पडलाय. मी याच पट्ट्यात घरं बांधतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

उरतं, आणि भरपूर उरतं. मोकळी जमीन, हवे तेवढे पैसे आणि कुठलाच नियम नाही अशा ठिकाणची घरं बहुतेकदा एकमेकांसारखीच दिसतात, कारण रेघ कुठे थांबवायची याला तिथे काही कारणच नसतं. आपल्याकडे कारणं ढिगाने आहेत. गडबड होते ती क्रमात. आपण आधी मनातलं घर काढतो आणि मग ते नियमात बसवायला घेतो. तसं केलं की प्रत्येक नियम त्या घराचा एकेक लचका तोडतो. त्याच गोष्टी पहिल्या दिवसापासून कागदावर असल्या तर घराचा आकार त्यांच्यातूनच निघायला लागतो. हे बोलणं हवेतलं वाटू नये म्हणून नऊ मीटरपासूनच सुरुवात करतो.

सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, तिसरी २०१९ ची. आपला ग्रामीण किनारा मुख्यतः सीआरझेड-३ मध्ये येतो. २०१९ मध्ये त्याचे दोन भाग झाले. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त घनता असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि इतरत्र पूर्वीसारखंच २०० मीटर नवं बांधकाम नाही. तुमच्या गावाला काय लागू आहे ते मंजूर नकाशावरच बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. त्या पट्ट्याच्या पलीकडे स्थानिकांच्या घरांना तळमजला अधिक एक मजला आणि एकूण उंची नऊ मीटर. १९९१ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठी ही उंची छपराच्या सर्वांत उंच आड्यापर्यंत मोजायची असं स्पष्ट लिहिलेलं आहे. घरासाठीही मी तशीच मोजतो.

आता हिशेब करू. जोतं पाऊण मीटर. तळमजला स्लॅबसकट तीन मीटर. वरचा मजला भिंतीपाशी दोन मीटर सत्तर. झाले ६.४५ मीटर. आड्याला उरले २.५५. आपल्या पावसात कौलांना साधारण ३० अंशांचा उतार हवा. त्या उताराने अडीच मीटर चढायला आडवं सुमारे ४.४ मीटर अंतर लागतं. म्हणजे दोन्ही पाखी मिळून घर पावणेनऊ मीटरच्या पुढे रुंद होत नाही. बारा मीटर खोल घर काढलंत तर आडं दहा मीटरच्या जवळ जाऊन पोचतं.

कुणी म्हणेल, मग सपाट स्लॅब टाका, भांडण मिटलं. मिटत नाही, त्याच्याकडे पुढे येतो. आधी त्या पावणेनऊ मीटरकडे बघा. एवढ्याशा रुंदीत खोल्या एका ओळीत येतात, प्रत्येक खोलीला दोन बाजूंना बाहेरची भिंत मिळते, आणि मे महिन्यात अंगाला चिकटणाऱ्या हवेत वारा आरपार जातो. उंचीच्या नियमाने तुमच्या घराचा प्लॅन ठरवला आणि प्लॅनने वारा आणला. कुणाला मोठं घर हवंच असेल तर छप्पर दोन करायचं आणि मधे चौक सोडायचा. इथे मात्र जपून. दोन पाखी एकाच पन्हळीत उतरवलीत तर जुलैत ती पन्हळ सुपारीच्या झावळीने तुंबणार आणि पाणी घरात येणार. चौक एवढा रुंद हवा की दोन्हीकडच्या पागोळ्या मोकळ्या पडतील. तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते: वरच्या मजल्याची भिंत दीड मीटरवर थांबवायची आणि खोली छपराच्या पोटात घ्यायची. मग घर बाहेरून एकमजलीच वाटतं आणि वरच्या खोलीला माळ्यासारखा उतरता माथा मिळतो. उंची वाचते ती जोतं वाढवायला किंवा घर आणखी रुंद करायला वापरता येते. तिन्ही घरं वेगळी, आणि तिन्ही एकाच नऊ मीटरमधून निघालेली.

नियमातून नवा आकार निघाल्याचं जगातलं मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९१६ च्या झोनिंग कायद्याने सांगितलं की रस्त्यावर उजेड पोचला पाहिजे, म्हणून इमारत ठरावीक उंचीनंतर मागे सरली पाहिजे. त्यातून पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जाणाऱ्या गगनचुंबी इमारती आल्या आणि पुढची काही दशकं तोच त्या शहराचा चेहरा ठरला.

दोनशे मीटरच्या पट्ट्याबद्दल एक गोष्ट आपल्याच गावांतून शिकण्यासारखी आहे. गुहागर, दिवेआगर, नागाव अशी गावं नीट बघा. घरं रस्त्याला लागून, त्यामागे विहीर, मग नारळी-पोफळीची लांबच लांब वाडी, आणि तिच्या पलीकडे वाळू. घराने समुद्राला पाठ दिलेली असते. वारा, खार आणि वाळू आधी झाडांनी झेलायची आणि मग जे उरेल ते घरापर्यंत. कायदा येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी स्वतःहून अंतर राखलं होतं. आता येणाऱ्या माणसाला झोपल्या जागेवरून समुद्र दिसायला हवा असतो, आणि सगळी ओढाताण तिथून सुरू होते. तुमच्या प्लॉटचा काही भाग बांधकामबंदीच्या पट्ट्यात असेल तर तो वाया गेला असं धरू नका. हा कायदा आहे तोवर घराची एक बाजू मोकळी राहणार. आणि त्या पट्ट्यात जुनं अधिकृत घर उभं असेल तर तेवढ्याच जोत्याच्या क्षेत्रफळावर आणि तेवढ्याच एफएसआयमध्ये (प्लॉटच्या प्रमाणात एकूण बांधकाम) ते दुरुस्त किंवा पुन्हा बांधता येतं. विद्यार्थ्यासाठी याहून चांगला अभ्यास मला सुचत नाही: जोतं दुसऱ्याचं, त्यावरचं घर आजचं.

आता पाऊस. रत्नागिरीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सरळ खाली पडला तर त्याचं काही विशेष नाही, पण तो नैर्ऋत्येकडून आडवा येतो. जुलैत एखाद्या जुन्या जांभ्याच्या घराची भिंत बघा. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत हिरवंगार शेवाळ, वर कोरडा तांबडा चिरा. ती रेघ म्हणजे पागोळ्यांचे शिंतोडे कुठवर उडतात त्याची खूण. जोतं किती उंच आणि वळचण किती बाहेर हे त्या रेघेवरून काढता येतं, पुस्तक उघडायची गरज नाही. नैर्ऋत्येच्या अंगाला पूर्वी पावसाळ्याआधी झावळ्यांची झापं बांधायचे. आता तिथे निळं प्लास्टिक किंवा शेडनेट दिसतं. आजच्या आर्किटेक्टने ही गरज मान्य करून त्या बाजूला उघडमिट होणारी, पाणी अडवणारी आणि वारा जाऊ देणारी दुसरी कातडी दिली, तर त्यातूनच घराचं दर्शनी रूप तयार होतं. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावला आर्किटेक्ट बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये पूर्ण केलेलं पामायरा हाउस तुम्ही चित्रांत पाहिलं असेल. नारळाच्या बागेत समोरासमोर दोन लांबट घरं, आणि त्यांच्या भिंतींच्या जागी ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा. ते ऐपतदार माणसाचं घर आहे हे खरं, पण उजेड चाळायचा, वारा घ्यायचा आणि लाकूड जवळचंच वापरायचं, या अटी कुठल्याही घराला लागू पडतात.

पण पावसाचं ऐकलं की वारा आडवा येतो. पाऊस म्हणतो वळचण लांब करा, वादळ म्हणतं आखूड करा, कारण लांब वळचणीखाली वारा शिरला की तो छप्परच उचलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, तेव्हा कौलं आणि पत्रे किती उडाले ते रायगड आणि उत्तर रत्नागिरीत ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध जातात, तिथे खरं डिझाइन सुरू होतं. मी करतो ते असं: मुख्य छप्पर चौपाखी, त्याची वळचण आखूड, वासे भिंतीच्या माथ्यावरच्या पट्ट्याला पक्के जखडलेले. त्याच्या खाली, वेगळ्या खांबांवर, पडवीचं सुटं छप्पर. पाऊस पडवी झेलते. वादळात पडवीचं छप्पर गेलं तरी ते एकटंच जातं, घराचं छप्पर जागेवर राहतं. जुन्या घरांत पडवीचं पाखं खाली उतरवलेलं दिसतं, तीच मांडणी आज विचारपूर्वक करायची. आणि दोन छपरांच्या मधे जी उभी फट राहते तिच्यातून माजघरात उजेड सोडता येतो. जुन्या माजघरांत दिवसाही दिवा लावावा लागायचा, ती उणीव इथे भरून निघते.

सपाट स्लॅबकडे येतो म्हटलं होतं. आपल्या कुठल्याही गावात एक फेरी मारा. आधी हौसेने स्लॅब टाकलेला, दोन-चार पावसाळ्यांत तो झिरपायला लागलेला, मग त्यावर लोखंडी पाइप उभे करून निळे नाहीतर लाल पत्रे चढवलेले. गावोगावचा हा नमुना मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लोकांनी न सांगता दुहेरी छपराचा शोध लावलाय. फक्त तो नाइलाजाने, उशिरा आणि दुप्पट खर्चात. बुर्किना फासोमधल्या गांदो गावात आर्किटेक्ट दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये शाळा बांधली, तिचं छप्पर याच तत्त्वाचं. खाली मातीच्या विटांची भोकं ठेवलेली तक्तपोशी, वर अंतर सोडून सळयांच्या हलक्या सांगाड्यावर पत्रा. पत्रा तापतो, पण गरम हवा मधल्या फटीतून निघून जाते. त्या शाळेला वास्तुकलेचा २००४ चा आगा खान पुरस्कार मिळाला आणि केरेंना वास्तुकलेतलंच २०२२ चं प्रित्झ्कर पारितोषिक. तिकडची अडचण ऊन, आपली ऊन अधिक पाऊस. पत्रा लागणारच आहे हे पहिल्या दिवशी कबूल केलंत तर खालचा स्लॅब हलका करता येतो, मधल्या जागेला खरी उंची देता येते, आणि तिथे पावसात कपडे वाळतात, उन्हाळ्यात आमसुलं आणि फणसपोळी वाळते, गणपतीत आलेली माणसं झोपतात. शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन लाख लिटर पाणी पडतं. त्याच गावात, सड्यावरच्या (वरच्या कातळपठारावरच्या) वस्त्यांत, मे महिन्यात टँकरची वाट बघतात. पन्हळी, उतार आणि जोत्याखालची टाकी ही प्लंबिंगची बाब म्हणून शेवटी टाकू नका, सेक्शनमध्येच (घराच्या उभ्या छेदाच्या चित्रात) दाखवा.

साहित्याबद्दल. जांभा दाबाला बरा, ताणाला अगदी कमकुवत, आणि पाणी पिणारा. त्यामुळे दगडातच राहायचं तर उघडी अरुंद ठेवा किंवा कमान घ्या. रुंद खिडकी हवी असेल तर तिच्यावर काय पेलणार ते उघडपणे दाखवा. याचं उत्तर म्हणून काँक्रीटकडे धावाल तर समुद्र तिथेही उभा आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारी हवेत उघड्या काँक्रीटला किमान एम-३० ताकदीचं मिश्रण आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतं. लाटांचे तुषार पोचत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. आता तीन इंची छज्जा घ्या. पंचाहत्तर मिलिमीटर जाडीत सळई मधोमध बसवली तरी दोन्ही बाजूंना ४५ मिळत नाही. म्हणजे मासिकांत दिसणारे ते नाजूक, पात्यासारखे छज्जे आणि उभ्या पट्ट्या समुद्राकाठी काही वर्षांत फुटून सळई बाहेर दाखवणार. यावरून माझा एक ठाम नियम झालाय: काँक्रीट छपराच्या छायेत ठेवायचं आणि जाड ठेवायचं, जे नाजूक असेल ते लाकडात करायचं. या एका अटीमुळे घराला आपोआप दोन स्वभाव येतात, आतला जड आणि कडेचा हलका. तो आधुनिक आहे का असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन.

मुंबईतलं एक उदाहरण तुमच्या ज्यूरीला, म्हणजे डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांना, सांगण्यासारखं आहे. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा इमारत, १९८३ ची, २८ मजली. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा हेही पश्चिमेकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर सभोवार व्हरांडा हे उत्तर काढलं होतं. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून बहुमजली इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्यांच्या रूपाने बसवला आणि घरं पूर्व-पश्चिम आरपार केली. त्या इमारतीचे कोरलेले कोपरे आज सगळे ओळखतात. ते शोभेसाठी काढलेले नाहीत, ऊन आणि पाऊस यांनी काढून घेतलेले आहेत.

पैशांची मर्यादा लिहिताना तुम्ही जरा संकोचलेले दिसता. संकोचू नका. चिलीमधल्या इकीके शहरात आर्किटेक्ट आलेहांद्रो आरावेना यांच्या एलेमेंताल या संस्थेकडे सुमारे शंभर कुटुंबं, अर्धा हेक्टर जागा आणि कुटुंबामागे साडेसात हजार डॉलरचं अनुदान होतं, त्यात जमिनीचाही खर्च. त्यांनी लहान घर बांधायचं नाकारलं आणि चांगल्या घराचा निम्मा भाग बांधला, तोही जो कुटुंबाला स्वतःहून बांधणं अवघड जातं तो: सांगाडा, जिना, न्हाणी, स्वयंपाकघर. उरलेली मोकळी जागा लोकांनी सवडीने भरली. ती वसाहत, किंता मोनरॉय, २००४ ची. आपल्याकडे चाकरमान्याचं घर असंच उभं राहतं, बोनस आला की एक खोली. पण आपण आधी काय बांधायचं ते ठरवत नाही, म्हणून गच्चीवर पुढच्या मजल्याच्या सळया खाऱ्या हवेत गंजत उभ्या असतात. जोतं, पूर्ण छप्पर आणि ओल्या खोल्या पहिल्या टप्प्यात, भिंती आणि तक्तपोशी नंतर, अशी आखणी केली तर पाच वर्षं अपुरं असलेलं घरही राहण्याजोगं आणि देखणं असू शकतं. जुन्या घराची उतरवलेली कौलं फेकू नका. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या फिलर स्लॅबमध्ये ती स्लॅबच्या खालच्या अंगाला बसतात, जिथे काँक्रीटचा उपयोग तसाही कमी असतो. काँक्रीट वाचतं आणि खोलीला कौलांची तक्तपोशी मिळते.

उताराबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे माझं मत एका वाक्याचं आहे: जेसीबीने उभा काप घेऊन सपाटी करू नका. जुलै २०२१ मध्ये महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर आला, त्यानंतर या विषयात धोका पत्करायची माझी तयारी नाही. घर अर्ध्या-अर्ध्या मजल्याने उतारावर उतरवा, पाखाडी (पायऱ्यांची दगडी वाट) जशी उतरते तसं. ओटीवरून माजघरात चार पायऱ्या खाली, तिथून परसदारी आणखी चार, आणि मागच्या पाण्याला घराला वळसा घालून जायला उघडा चर. नऊ मीटरही मग सोपे होतात, कारण छप्पर जमिनीबरोबर खाली उतरतं.

एका गोष्टीपासून मात्र सावध करतो. सगळ्याच अटी सुपीक नसतात. वीटकामावर जांभ्याच्या पातळ लाद्या चिकटवणं, स्लॅबच्या पुढे दोन फूट कौलांची झालर लावणं, "कोकणी लूक पाहिजे" ही मागणी, ही मर्यादा नव्हे. जुन्या घराचं रूप त्याच्या अडचणींमधून आलं होतं. अडचण काढून घेऊन नुसतं रूप ठेवलं की ते आतून पोकळ राहतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते दिसतं, कारण त्या झालरीमागे पाणी साचतं. ज्यूरीत कुणी तुम्हाला कन्सेप्ट विचारलाच तर कविता सांगू नका, सेक्शन दाखवा.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर आता प्लॅन बाजूला ठेवा. एकास पन्नासच्या मापात उताराचा एकच लांब सेक्शन काढा: वरचा रस्ता, गडगा (दगडी कुंपण), घर, विहीर, वाडी, भरतीरेषा. त्यावर बांधकामबंदीची रेघ आणि नऊ मीटरची रेघ जमिनीच्या उताराबरोबर लाल पेन्सिलने ओढा, नैर्ऋत्येच्या पावसाचा बाण काढा, दुपारच्या उन्हाचा कोन काढा. मग छप्पर आधी काढा आणि खोल्या नंतर त्याखाली घाला. तो सेक्शन झाला की इथेच टाका, मी बघून लिहीन.